आधी कान, मग तोंड: इंग्रजी शिकण्याबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी इंग्रजी शिकण्याबद्दल प्रश्न मागवले होते आणि खूप पत्रं आली. लहान मुलांच्या आयांची आली, नोकरी करणाऱ्यांची आली आणि आज्यांचीसुद्धा आली. नावं छापत नाहीये, लांब पत्रं थोडी कापलीत. सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे धास्ती, उशीर झाला याची, चुकेल याची, लोक हसतील याची. म्हणून उत्तरं देताना जरा मोकळेपणाने, सविस्तर बोलते.

प्रश्न: माझी मुलगी चार वर्षांची आहे. सगळे म्हणतात पाच वर्षांच्या आत इंग्रजी कानावर पडलं नाही तर मग ते कधीच नीट येत नाही. मी तिला रोज तासभर इंग्रजी व्हिडिओ लावून देते पण ती एक शब्द बोलायला तयार नाही. उशीर झालाय का?

नाही हो ताई, अजिबात उशीर झालेला नाही. ही पाच वर्षांची मुदत कोणी घातली कोण जाणे. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग या अभ्यासकाने मांडलं होतं की भाषा आपसूक आत्मसात करण्याचा काळ साधारण वयात येईपर्यंतचा असतो, आणि ते मुख्यतः पहिल्या भाषेबद्दल होतं. ते तोंडातोंडी फिरत फिरत पाच वर्षांवर येऊन बसलंय. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी जवळपास ६ लाख ७० हजार लोकांच्या ऑनलाइन व्याकरण चाचणीवरून हिशोब मांडला तेव्हा त्यांना दिसलं की नव्या भाषेचं व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत चांगली टिकते आणि मग उतरायला लागते. हां, अगदी जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्यांसारखं व्हायचं असेल तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात झालेली बरी असंही त्यातच आहे. पण तुमच्या मुलीला तसं व्हायचंय का, की तिला छान समजावं आणि बोलता यावं एवढंच हवंय, हा विचार एकदा करून बघा.

उलट आणखी एक जुना अभ्यास आहे तो मला फार आवडतो. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारिअन हुफनागल-हुले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांना डच कसं येतं ते बघितलं, त्यात तीन वर्षांच्या पोरांपासून मोठ्या माणसांपर्यंत सगळे होते. सगळ्यात भराभर कोण शिकलं तर बारा ते पंधरा वर्षांची मुलं, आणि तीन ते पाच वर्षांची मुलं चाचण्यांमध्ये बरीच मागे होती. म्हणजे लहान मुलं पटकन शिकतात हे आपण धरून चाललोय ते तसं नाही. लहान मुलांकडे वेळ भरपूर असतो आणि उच्चार त्यांच्या जिभेवर छान बसतात, त्यांचा फायदा तो, पण आठवड्यातून दोन-तीन तास एवढंच जर इंग्रजी मिळणार असेल तर तो फायदा फारसा दिसत नाही.

आता व्हिडिओबद्दल. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांसमोर खरी माणसं बसून खेळत, पुस्तकं दाखवत बोलली आणि काहींना त्याच माणसांचं रेकॉर्डिंग पडद्यावर दाखवलं. माणसांसोबत खेळलेल्या बाळांना त्या भाषेतले बारीक आवाज ओळखता यायला लागले, पडद्यासमोरची बाळं मात्र जिथल्या तिथे राहिली. तुमची मुलगी बाळ नाहीये, व्हिडिओतून ती काहीतरी शिकेलच, पण ती एकटी बघत बसणार असेल तर तासभर लावून ठेवण्यापेक्षा दहा मिनिटं तुम्ही तिच्या शेजारी बसलेलं कितीतरी चांगलं. शेजारी बसायचं, मध्येच थांबवायचं, व्हेअर इज द कॅट असं विचारायचं आणि तिने नुसतं बोट दाखवलं तरी खूश व्हायचं. जेम्स अ‍ॅशर यांची पद्धत तर अगदी सोपी आहे, आपण सूचना द्यायची आणि मुलाने ती करून दाखवायची, टच युवर नोज, जंप, ओपन द डोअर, सिट डाउन. तोंडाने काही बोलायची सक्तीच नाही. आणि न बोलण्याचं म्हणाल तर नवीन भाषेत मुलं काही महिने गप्प राहू शकतात, त्या वेळात कान काम करत असतात, आत साठा होत असतो. तिला "बोल ना, बोलून दाखव ना, काकूंना सांग ना" असं पाहुण्यांसमोर अजिबात करू नका, प्लीज. ती सूचना ऐकून बरोबर वागतेय का तेवढंच बघा. वागत असेल तर ती शिकतेय.

प्रश्न: मला स्वतःला इंग्रजी येत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला इंग्रजीत मदत हवी असते आणि मी काहीच करू शकत नाही याचं फार वाईट वाटतं. घरात मोडकंतोडकं का होईना पण इंग्रजीच बोलावं असं मला सांगतात. ते जमवू का?

नका जमवू. तुमच्या मराठीत तुम्ही त्याला जग समजावून सांगू शकता, का आणि कसं असे प्रश्न विचारू शकता, गोष्ट रंगवून सांगू शकता, आणि ते सगळं बंद करून दहा-वीस तुटक वाक्यांवर घर चालवायचं म्हणजे मुलाचं दोन्हीकडून नुकसान. जिम कमिन्स या अभ्यासकाने हे नीट उलगडून दाखवलंय की विचार करायची, वाचून अर्थ लावायची, मुद्दा मांडायची जी ताकद मुलाला एका भाषेत येते ती दुसऱ्या भाषेत जाते, ती परत शून्यातून शिकावी लागत नाही. त्यांनीच हेही दाखवलं की रोजचं बोलण्यापुरतं इंग्रजी साधारण दोनेक वर्षांत येतं पण अभ्यासाचं, पुस्तकातलं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि हे इंग्रजीच्याच देशात राहणाऱ्या मुलांबद्दल आहे बरं का. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला इंग्रजी धडा जड जातोय यात त्याचंही काही चुकत नाहीये आणि तुमचंही.

तुम्ही काय करू शकता ते सांगते आणि हे इंग्रजी न येता करता येतं. त्याला त्याच्या पातळीपेक्षा थोडी सोपीच इंग्रजी गोष्टीची पुस्तकं भरपूर मिळवून द्या, चित्रांची, मजेची, लायब्ररीतली, जुनी, कोणाकडची मागून आणलेली, काहीही चालतील. रोज पंधरा-वीस मिनिटं त्याने मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं. एक पान झालं की विचारायचं, "काय झालं रे यात? मला सांग मराठीत." तो सांगेल. नाही सांगता आलं तर त्याचं त्यालाच कळेल की इथे अडलंय आणि तो परत वाचेल, तुम्हाला उत्तर माहीत असायची गरजच नाही.

हे मी उगाच सांगत नाहीये. फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी गावाकडच्या प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग केला. तिथल्या मुलांना इंग्रजी ही परकी भाषा, घरात पुस्तकं जवळजवळ नाहीत. काही वर्गांना सुमारे अडीचशे रंगीत, गोष्टीची इंग्रजी पुस्तकं दिली आणि रोज वीस-तीस मिनिटं वाचायला किंवा बाईंसोबत वाचायला वेळ दिला. बाकीच्या वर्गांत नेहमीचंच वाक्यरचना घोकून घेणं चालू राहिलं. पुस्तकवाल्या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती जवळपास दुप्पट वेगाने झाली आणि दुसऱ्या वर्षी तर ती लिहिण्यात आणि व्याकरणातही पुढे गेली, जे त्यांना वेगळं कोणी शिकवलंच नव्हतं! मला हा प्रयोग कितीही वेळा सांगितला तरी कंटाळा येत नाही, कारण यात महागडं काही नाही, गोष्टी आहेत आणि रोजचा थोडा वेळ आहे.

पुस्तक सोपं आहे की नाही कसं ओळखायचं? एका पानावर अडणारे शब्द मोजायला सांगा. हू आणि नेशन यांच्या २००० च्या अभ्यासात असं दिसलं की मदतीशिवाय नीट समजायला साधारण पन्नास शब्दांत एकच अनोळखी असावा. पानावर सात-आठ शब्द अडत असतील तर ते पुस्तक सहा महिन्यांनी वाचू द्या.

प्रश्न: मुलगा इंग्रजी बोलायला लागला की मी त्याची प्रत्येक चूक लगेच दुरुस्त करतो, म्हणजे चुकीची सवय लागू नये. पण आता तो माझ्याशी इंग्रजीत बोलणंच टाळतो. दुरुस्त करायचं नाही का मग? वय दहा.

दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण मुलाच्या बाजूने बघा ना. तो सांगतोय की मैदानात आज काय भारी झालं आणि तुम्ही ऐकताय की वाक्यात एस राहिला. त्याला कळून चुकलंय की बाबांना गोष्टीत रस नाही.

चुकांबद्दलचं आपलं म्हणणंच जरा बदलायला हवं. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी एक लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात भाषेची काहीतरी व्यवस्था तयार होतेय याचा पुरावा. मूल जेव्हा आय ईटेड असं म्हणतं तेव्हा ते त्याने कुणाकडून ऐकलेलं नसतं, भूतकाळाला इडी लागतो हा नियम त्याने स्वतः पकडलेला असतो आणि फक्त जास्तच ठिकाणी लावलेला असतो. हे पुढे गेल्याचं लक्षण आहे! आणि काही गोष्टी कितीही सांगितल्या तरी उशिराच येतात. ही गोज, शी प्लेज यातला शेवटचा एस हा नियम पुस्तकात अगदी सुरुवातीला येतो पण बोलण्यात तो सगळ्यात उशिरा बसणाऱ्यांपैकी आहे, आयएनजी आणि अनेकवचन त्याच्या आधी येतं, हे सत्तरच्या दशकापासून वेगवेगळ्या मातृभाषांच्या मुलांमध्ये दिसलेलं आहे. म्हणजे तुम्ही रोज ज्या एसवरून त्याला अडवताय तो त्याच्या हातातच नाहीये अजून. तसंच अ आणि द हे आर्टिकल. आपल्या मराठीत ते नाहीतच, त्यामुळे मराठी माणसाला ते वर्षानुवर्षं चकवतात, मोठ्यांनाही.

मग काय करायचं? तो बोलत असताना अडवायचंच नाही. त्याचं वाक्य तुमच्या उत्तरात बरोबर करून परत म्हणायचं. तो म्हणाला ही गो होम, तर तुम्ही म्हणायचं, ओह, ही वेन्ट होम? व्हाय? गप्पा चालू राहतात आणि बरोबर रूप कानावर पडतं. पण एक खरं ते सांगायला हवं, लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये वर्गांत बसून मोजलं तेव्हा दिसलं की शिक्षक सगळ्यात जास्त हीच पद्धत वापरतात आणि मुलांच्या ती बऱ्याचदा लक्षातच येत नाही, त्यांना वाटतं बाई फक्त हो म्हणाल्या. ज्या वेळी शिक्षक उत्तर न देता मुलालाच परत विचारतात की काय म्हणालास, परत एकदा सांग, तेव्हा मुलं स्वतःची चूक स्वतः जास्त सुधारतात. म्हणून असं करा, एका महिन्याला एकच गोष्ट निवडा, समजा भूतकाळ, आणि तीही गप्पा संपल्यावर. "मघाशी काल काय झालं ते सांगत होतास ना, ते गो नीट कसं म्हणशील?" एवढंच. बाकी सगळ्या चुका सोडून द्या. खरंच सोडून द्या. आणि पहिले काही आठवडे तर काहीच दुरुस्त करू नका कारण आधी त्याचा तुमच्यावरचा विश्वास परत यायला हवा.

प्रश्न: वय ५२. ग्रामर पक्कं आहे, बारा टेन्स पाठ, पेपर वाचून समजतो, ईमेल लिहितो. पण समोर कोणी इंग्रजीत बोललं की तत पप होतं. स्पोकन इंग्लिशचे क्लास केले, तिथेही परत ग्रामरच. या वयात काही होईल का?

होईल, आणि तुमचा पाया इतका चांगला आहे की तुम्हाला फार नवीन शिकायचंच नाहीये. तुमचं अडतंय कुठे तर जे माहिती आहे ते एका सेकंदात तोंडावर येत नाही. लिहिताना तुम्हाला वेळ मिळतो, मनात मराठी वाक्य बनतं, त्याचं इंग्रजी होतं, टेन्स तपासला जातो आणि मग हात चालतो. बोलताना समोरचा एवढा वेळ थांबत नाही. आणि हे ग्रामर आणखी पक्कं करून सुटत नाही, हे फक्त बोलून सुटतं. मोठ्या माणसांच्या क्लासमध्ये नेमकं हेच होत नाही याचा मला मनापासून राग येतो, लोक बोलायला शिकायला येतात, तासभर फळ्याकडे बघतात आणि त्यातली दोन मिनिटंसुद्धा त्यांच्या वाट्याला बोलायला येत नाहीत.

एक पद्धत सांगते, भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ती चार-तीन-दोन म्हणून ओळखली जाते, १९८३ मध्ये कीथ मॉरिस यांनी मांडली आणि पॉल नेशन यांनी पुढे नेली. एक साधा विषय घ्यायचा, माझं काम, माझा कालचा दिवस, असा. त्यावर चार मिनिटं बोलायचं. मग तेच सगळं परत, दुसऱ्या माणसाला, तीन मिनिटांत. मग तेच तिसऱ्याला दोन मिनिटांत. माणसं नसतील तर मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. पहिल्या वेळी अडखळाल, शब्द शोधाल, तिसऱ्या वेळी तेच वाक्य आपोआप बाहेर येतं कारण काय बोलायचं हे ठरलेलं असतं आणि डोकं फक्त कसं बोलायचं यावर मोकळं असतं. विषय तोच ठेवायचा ही यातली सगळी गंमत आहे, लोक रोज नवा विषय घेतात आणि रोज नव्याने अडखळतात.

दुसरं म्हणजे सुटे शब्द जोडत बसू नका, तयार तुकडे उचला. लेट मी थिंक, व्हॉट आय मीन इज, अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो, कुड यू से दॅट अगेन, आयल गेट बॅक टू यू. इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा प्रत्येक वाक्य व्याकरणातून नव्याने बनवत नाही, असे शेकडो तुकडे त्याच्या जिभेवर असतात. वेळ मिळवून देणारे चार-पाच तुकडे तोंडात बसले की तत पप निम्मी कमी होते, कारण गप्प बसण्याऐवजी तुम्ही काहीतरी बोलत असता आणि तेवढ्यात पुढचं सुचतं.

तिसरं, कान. तुम्ही वाचता खूप पण ऐकता किती? समोरच्याचं नीट कळलं नाही की निम्मी भीती तिथेच सुरू होते. आपल्या पातळीचं ऐका, बातम्यांच्या चॅनेलवरचा गदारोळ नको. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी वेगळं इंग्रजी सुरू केलं होतं, साधारण पंधराशे शब्द, छोटी वाक्यं आणि सावकाश वाचन, आणि असं शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेलं ऑडिओ आता इंटरनेटवर भरपूर मिळतं. एकच तुकडा आधी नुसता ऐका, मग समोर मजकूर ठेवून ऐका, मग त्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत बोलत ऐका.

वयाचं म्हणाल तर उच्चार थोडा मराठी राहील, राहू दे. बाकी मोठ्या माणसाकडे सांगण्यासारखं कितीतरी जास्त असतं आणि बोलायला शेवटी तेच लागतं.

प्रश्न: "तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी" अशी जाहिरात पाहिली. खरं असतं का?

हिशोब करून बघा. युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पातळ्या वापरतात, ए-वन पासून सी-टू पर्यंत, आणि आता जगभर त्याच चालतात. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा अंदाज असा आहे की अगदी सुरुवातीपासून धरलं तर ए-टू ला साधारण १८० ते २०० तास शिकवणी लागते, बी-वन ला ३५० ते ४०० आणि बी-टू ला, म्हणजे जिथे माणूस बऱ्यापैकी सहज बोलतो तिथे, ५०० ते ६०० तास. रोज एक तास धरला तर तीन महिन्यांत होतात नव्वद तास. नव्वद तासांत नक्की फरक पडतो, माणूस ओळख करून देऊ शकतो, कामापुरते प्रश्न विचारू शकतो, पण फाडफाड नाही. तीन महिन्यांनी फाडफाड आलं नाही की लोक स्वतःलाच दोष देऊन सोडून देतात, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. क्लास लावायचा तर लावा पण आधी विचारा की एका तासात मी स्वतः किती मिनिटं बोलणार.

प्रश्न: मुलीला स्पेलिंग अजिबात लक्षात राहत नाहीत. घोकून घोकून रडते. सात वर्षं.

घोकणं आजपासून बंद करा. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे एकेका अक्षराला दोन-तीन कामं करावी लागतात आणि काही आवाजांना दोन अक्षरं मिळून लागतात. आपल्या मुलीला देवनागरीची सवय, जसं लिहिलं तसं वाचलं, म्हणून तिला हा गोंधळ अन्यायाचा वाटणारच. तिला खरी गोष्ट सांगा, मुलांना ती आवडते. विल्यम कॅक्स्टन यांनी इंग्लंडमध्ये १४७६ मध्ये छापखाना आणला, छपाईमुळे हळूहळू स्पेलिंग ठरून गेली, पण त्याच काळात लोकांचे स्वरांचे उच्चार बदलत होते. उच्चार पुढे गेले आणि स्पेलिंग मागेच राहिली. नाइट म्हणजे सरदार, त्यातला पहिला के पूर्वी खरंच बोलला जायचा. आणि डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी तर कधी बोलला जातच नव्हता, लॅटिन शब्दात बी आहे म्हणून पंडितांनी नंतर घातला.

शिकवताना अक्षराचं नाव नको, आवाज शिकवा. एस, ए, टी, पी, आय, एन एवढ्या सहा अक्षरांचे आवाज आले की सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द तिला स्वतःला जोडून वाचता येतात, आणि देवनागरीमुळे आवाज जोडायची कला तिच्याकडे आधीच आहे. मग एसएच, सीएच, ईई असे जोड. लिहिताना आधी आवाज तोडायचे, टॅप मध्ये किती आवाज, तीन, मग एकेक लिहायचा. जे शब्द कशातच बसत नाहीत, सेड, वॉज, वन असे, ते आठवड्याला दोन-तीनच घ्या आणि त्यातला नेमका कुठला भाग विचित्र आहे तेवढाच रंगवा. दहा मिनिटं पुरे. रडू आलं की त्या दिवशी बंद.

प्रश्न: रोज वीस शब्द पाठ करतो, आठवड्यात सगळे विसरतो. काय करू?

विसरणं नॉर्मल आहे, हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर पुसलं जातं आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर टिकतं. म्हणून वीस नको, सात-आठ घ्या आणि ते उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत बघा. बघा म्हणजे वाचू नका, कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि आधी आठवायचा प्रयत्न करायचा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. आणि कुठले शब्द? पेपरातले कठीण शब्द शोधून पाठ करू नका हो. सगळ्यात जास्त वापरात असलेले दोन हजार शब्द, त्यांच्या रूपांसकट, आले की साधारण कुठल्याही मजकुराचा ८० टक्के भाग हाताशी येतो. गेट, टेक, पुट, मेक हे शब्द आपल्याला येतात असं वाटतं, पण त्यांचे दहा-दहा उपयोग असतात, आधी ते पक्के करा.

प्रश्न: उच्चार मराठी वळणाचा आहे, लोक हसतात. ब्रिटिश अ‍ॅक्सेंट कसा आणू?

आणू नका, गरज नाही. समोरच्याला कळणं महत्त्वाचं आणि त्यासाठी दोन-तीन गोष्टी पुरतात. पहिली, शब्दात जोर कुठे द्यायचा. फोटोग्राफ मध्ये पहिल्या भागावर, फोटोग्राफर मध्ये दुसऱ्या, फोटोग्राफिक मध्ये तिसऱ्या, आणि जोर नसलेले भाग पुसट, जवळजवळ अ सारखे. डेव्हलप मध्ये जोर दुसऱ्या भागावर आहे, आपण पहिल्यावर देतो. दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ नीट वेगळे करा, शिप आणि शीप एकसारखे ऐकू येतात आपल्या तोंडून. तिसरी, व्ही आणि डब्ल्यू. व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, डब्ल्यू ला ओठ गोल, दात लांब. टीएच जमला नाही तरी फारसं अडत नाही. जेनिफर जेंकिन्स यांनी वेगवेगळ्या देशांतले लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलताना नेमकं कुठे अडतं ते तपासलं आणि टीएच त्या यादीत नव्हता. हसणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्यापुढे सराव करू नका, जिथे कोणी हसत नाही अशी दोन माणसं शोधा.

प्रश्न: मी ६८ वर्षांची आजी. नातवंडं परदेशात, वयं सहा आणि नऊ. मराठी त्यांना समजतं थोडं पण बोलतात इंग्रजीच. मला त्यांच्याशी बोलायचंय. आता शिकून येईल का मला?

आजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. येईल, आणि तुम्हाला पूर्ण इंग्रजी शिकायचीच नाहीये, तुम्हाला दोन मुलांशी गप्पा मारण्यापुरती हवीये आणि ती बरीच लहान आहे. तुम्ही मराठी बोलणं मात्र सोडू नका. दोन भाषांनी मुलं गोंधळत नाहीत, त्यांना समजतंय ते तुमच्यामुळेच टिकेल. तुम्ही मराठीत बोला, ती इंग्रजीत उत्तर देतील, चालेल.

इंग्रजीत आधी प्रश्न शिका कारण प्रश्न विचारला की बोलायचं काम मुलांचं. व्हॉट इज दिस? शो मी. अँड देन? व्हाय? टेल मी मोअर. हू इज युवर फ्रेंड? डिड यू लाइक इट? आणि सगळ्यात महत्त्वाचं, से इट अगेन, स्लोली. हे आठ-दहा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी ठेवा. व्हिडिओ कॉलवर मुलांना वस्तू दाखवायला सांगा, चित्र, खेळणं, दप्तर, डोळ्यांसमोर वस्तू असली की न कळलेला शब्दही कळतो. लहान्याला म्हणा, तू मला शिकव, आणि तो जसा म्हणेल तसं मागोमाग म्हणा, सहा वर्षांच्या मुलाला बाई व्हायला भयंकर आवडतं. आणि एक चित्रांचं सोपं इंग्रजी पुस्तक निवडा जे त्यांच्याकडेही आहे आणि तुमच्याकडेही, कॉलवर एक पान त्यांनी वाचायचं, एक तुम्ही. आठवडाभर तेच पुस्तक चालू दे. तुमचं पान आदल्या दिवशी दोन-तीनदा मोठ्याने वाचून ठेवा, मुलगा किंवा सून यांच्याकडून त्या पानाचं रेकॉर्डिंग मागवून घ्या म्हणजे उच्चार ऐकत ऐकत वाचता येईल. महिन्याभराने परत पत्र पाठवा आणि कुठलं पुस्तक निवडलं तेही लिहा.